आईच्या जांबाच्या सात गुट्या

यंदा ऑक्सिनचा धडा मी घेतला नाही. लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते, तिथं वेळापत्रकातला एक तास हलवायचा तर चार जणांच्या विनवण्या कराव्या लागतात. मी केल्या. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि माझ्या तिन्ही बॅचेस दुसऱ्या सरांच्या गळ्यात घातल्या. घसा ठणठणीत होता. पण यंदा मी याहून मोठं खोटं पचवलेलं होतं, त्यामुळं हे छोटं सांगताना जीभसुद्धा अडखळली नाही.

पंधरा वर्षं हा धडा शिकवलाय. पहिलं वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं: झाडांची संप्रेरकं अत्यल्प प्रमाणात काम करतात. ‘अत्यल्प’च्या खाली दोन रेघा. पोरं त्या दोन रेघांवरून माझी नक्कल करतात, मला ठाऊक आहे. मग शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन, ते फांदीतून खाली कसं उतरतं, थोडं असलं तर मुळं कशी फुटतात आणि जास्त झालं तर तीच मुळं कशी खुंटतात. शेवटी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. रुंद पानाचं तण मारायला कोणतं ऑक्सिन वापरतात? अख्खी बॅच एका सुरात ओरडते, टू-फोर-डी! ज्वारीला, उसाला, गवताच्या जातीला त्याचं काही होत नाही, बाकी सगळ्यांची वाट लागते. मी शाब्बास म्हणते आणि फळा पुसते. एवढी वर्षं शिकवलं, पण स्वतःच्या हातानं एक फांदी कधी रुजवली नव्हती.

आमचं गाव मुखेडपासून थोडं आत, रस्त्याला लागून. बाबा सरकारी रोपवाटिकेत माळी होते. रोजंदारीवर लागले, मग कायम झाले, आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतासाठी रोपं करून रिटायर झाले. आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या अंगणात एकच झाड, जांबाचं. पुण्याकडची माणसं पेरू म्हणतात. रोपवाटिकेत शेंडा मोडलेलं, टाकून द्यायचं रोप बाबांनी पिशवीत घालून आणलं होतं आणि आईनं ते भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलं. फळ बारकं, आतून तांबडं, आणि वास असा की पिशवीत एक जांब असला तरी एस्टीतली बाई वळून बघायची.

त्या झाडावर आईचं राज्य होतं. कच्च्या जांबावर ती नखानं बारीक खूण करायची, हा परवाचा, हा अंगणवाडीतल्या अमक्या पोरीचा. खूण केलेला जांब कुणी तोडला तर दोन दिवस घरात तोफ चालू. मला तर ती म्हणायची, तू पुस्तकातली झाडं बघ, याला हात लावू नको. मी चिडायचे. आता वाटतं, किती बरोबर बोलायची बाई.

किडनीनं गेली ती. शेवटचे पंधरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात होती. तिच्या तिघी बहिणी आळीपाळीनं यायच्या. बाबा गावाकडून येताना जांब घेऊन यायचे. आईला खायची बंदी, म्हणून ती नुसता हुंगायची आणि बहिणींना द्यायची. धर्माबादच्या मावशीनं तिथंच विचारलं होतं की अक्का, याची एक फांदी मला लावून दे की. आई म्हणाली, पावसाळ्यात देते, तिघींनाबी देते. पावसाळा सरला होता आणि तिला पुढचा दिसणार नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी मात्र ते ऐकून ठेवलं.

ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, मी लातूरला आले. बाबा एकटे राहिले. तेव्हापासून त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. चहाची बशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्या चालू ठेवा.

मग उन्हाळ्यात रस्ता रुंद करायची मोजणी झाली. आमच्या अंगणाचा पुढचा तुकडा गेला, आणि जांबाच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा आला. बाबांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. रस्ता पाहिजे, सगळ्यांचं जातंय, आपलंबी जाईल, एवढंच. पण आषाढ लागला तसा त्यांचा फोन आला. दिवाळीनंतर आईचा पहिला स्मृतिदिन येत होता. तिघी मावश्या येणार होत्या. त्या दिवशी तिघींच्या हातात आईच्या जांबाचं एकेक रोप द्यायचं, हे बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. आणखी एक विहाराच्या आवारात, एक अंगणवाडीत आणि एक माझ्या लातूरच्या बाल्कनीत. सहा गुट्या, म्हणजे झाडावरच मुळं फोडून मग कापून घ्यायच्या सहा फांद्या. मी म्हटलं, बी लावा की, पिकलेले जांब पडलेत खाली. तर म्हणाले, “बी लावलं तर जांबच येईल, माय. पण हा यील का? मला हा पाहिजे.”

बरोबर होतं. बियाचं झाड वेगळं निघतं, फांदीचं तेच असतं. मीच शिकवते हे.

लातूरच्या एका शेतीऔषधांच्या दुकानातून मी मुळं फुटायची पावडर घेतली आणि रविवारी एस्टी पकडली. बाबांनी सगळं मांडून ठेवलं होतं. ओलं केलेलं शेवाळ, प्लास्टिकचे तुकडे, सुतळी आणि त्यांचा तो रोपवाटिकेतला जुना चाकू, दगडावर घासून चकचकीत केलेला. ते पहिल्या फांदीजवळ गेले. गुटीला फांदीची साल बोटभर रुंद, बांगडीसारखी गोल काढायची असते. आतलं लाकूड दुखवायचं नाही. बाबांनी चाकू टेकवला आणि हात असा हलला की पातं थेट लाकडात गेलं. फांदी मोडून लोंबायला लागली. ते तिच्याकडं बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी हजारो गुट्या बांधल्या असतील.

मी पुढं होऊन चाकू काढून घेतला. “राहू द्या बाबा. तुमच्यानं आता न्हाई व्हायचं.”

हे वाक्य मी असंच्या असं म्हणाले. मऊ आवाजात म्हणाले, हीच काय ती मेहेरबानी. ते खाटेवर जाऊन बसले आणि तिथून सांगत राहिले. इथं घे. वर कोंबाचा डोळा राहू दे. साल सोलली की चोळ, हिरवं राहू देऊ नको. मी एकीकडं करत होते आणि एकीकडं मास्तरकी चालू होती, की बाबा, शेंड्याकडून येणारं ऑक्सिन सालीतून खाली येतं, साल काढली की वरच्या काठाला साठतं, म्हणून पावडर वरच्या काठालाच लावायची. ते म्हणाले, “हाव. वरून उतरणारं तिथं अडतं. अडलं की त्याला पाय फुटतात.” माझ्या दीड तासाच्या लेक्चरचं सार त्यांनी खाटेवर बसून सांगितलं. मी तेव्हा नुसती हसले होते.

सहा गुट्या बांधून मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. फार खूश होते. क्लासमधल्या पोरांना फोटोसुद्धा दाखवले.

मग पावसानं ताण दिला. पंधरा दिवस, वीस दिवस, थेंब नाही. बाबा बादलीनं पाणी घालत होते, तरी पानं पिवळी पडायला लागली. श्रावणातल्या एका रविवारी मी पुन्हा गेले. येताना पानांवर मारायचं टॉनिक घेऊन गेले. माझा हिशेब पक्का होता. पानं टिकली तर शेंडे टिकतील, शेंडे टिकले तर वरून उतरणारं उतरत राहील, आणि गुट्यांना मुळं फुटतील. हिशेबात काही चूक नव्हती, आजही नाही.

फवारायला पंप पाहिजे होता. शेजारच्या चुलत्याकडं पाठीवरचा बॅटरीचा पंप होता, तो मागून आणला. काय मारलं होतं म्हणून विचारलंसुद्धा. काही न्हाई, आठ दिसामागं उभ्या ज्वारीतलं तण मारलं व्हतं, धुऊन ठेवलाय, असं म्हणाले ते. मी बोअरवर नेऊन आणखी तीनदा खळखळून धुतला.

बाबा खाटेवरून उठून आले. पंपाचं झाकण उघडून नाक घातलं आणि म्हणाले, वास येऊन राहिला. सोडा टाकून एक दिवस भरून ठेव, नळी-बिळी सगळं, उद्या मारू. न्हाईतर राहू दे, मी झाडूनं पाणी शिंपडतो. मला सोमवारी सकाळी सातची बॅच होती. उद्या कुठला आलाय? आणि खरं सांगते, वेळेचा प्रश्न नव्हताच. रोपवाटिकेतल्या माळ्यानं मला झाडाचं औषध शिकवावं हे माझ्या डोक्यात गेलं. बाप असला म्हणून काय झालं.

“बाबा, मी हे शिकवते,” मी म्हणाले. “रोज शंभर पोरांना शिकवते. तीनदा धुतलाय पंप. तुमचं जुनं ठेवा बाजूला.”

ते मागं सरले. मी पंप पाठीला लावला आणि झाड वरपासून खालपर्यंत भिजवलं. मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीकडं वाकलेल्या खालच्या फांद्याही सोडल्या नाहीत. एकही पान कोरडं राहू दिलं नाही, कारण काम करायचं तर नीट करायचं, अशी माझी ख्याती आहे.

ज्वारी म्हणाले होते चुलते. उभ्या ज्वारीत तण मारलं म्हणाले होते. परीक्षेतला हमखास येणारा प्रश्न माझ्यापुढं उभा राहून गेला आणि मला ओळखू आला नाही. मला फक्त ‘विष’ एवढंच ऐकू आलं, आणि विष तीनदा धुतलं की जातं, असं मी धरून चालले. पण ते विष नव्हतं, संप्रेरक होतं. नळीत, नोझलमध्ये, वॉशरच्या खाचेत राहिलेलं, अत्यल्प.

दहा-बारा दिवसांनी बाबांचा फोन आला. पानं वाकडी झालीत, येऊन बघ, एवढंच म्हणाले. मी रजा टाकून गेले. फाटकातूनच दिसलं. कोवळे शेंडे पोपटाच्या चोचीसारखे आत वळलेले, पानांचे देठ पिळलेले, नवी पानं लांबट, अरुंद, दोरीसारखी. मी पायरीवरच बसले. हे चित्र मी दरवर्षी पडद्यावर दाखवते. मोठं करून दाखवते, मागच्या बाकावरच्यांनाही दिसावं म्हणून.

मी बाबांना सगळं सांगितलं. टू-फोर-डी म्हणजे काय, मुळं फोडणारं आणि झाड मारणारं एकाच घराण्यातलं कसं असतं, पंपात ते कसं राहतं. ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, रोपवाटिकेत एकदा असंच भेंडीचं झालं व्हतं. तवापासून तणाचा पंप आम्ही वेगळा ठेवायचो, त्याला लाल चिंधी बांधायचो. हे त्यांना माहीत होतं. नाव माहीत नव्हतं, कारण माहीत नव्हतं, पण लाल चिंधी माहीत होती. मला फक्त नाव माहीत होतं.

गुट्या सोडून बघितल्या. पहिल्या पाचांत वरच्या काठाला नुसत्या गाठी, जाड, तपकिरी, मूळ म्हणावं असं काही नाही. सहावीत चार मुळं होती, आखूड आणि सुजलेली, बोटानं दाबली तर गळून पडली.

मग बाबा मला मागं घेऊन गेले, न्हाणीच्या भिंतीकडं. तिथं खालच्या फांदीला, पानांआड, एक सातवी गुटी होती. प्लास्टिकवरून आईच्या जुन्या साडीच्या काठाची पट्टी गुंडाळलेली. मी ती कधी पाहिलीच नव्हती. मी चाकू काढून घेतला त्याच आठवड्यात त्यांनी ती बांधली होती. भिंतीवर कोपर टेकवलं की हात कमी हलतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. अर्धा दिवस लागला म्हणाले. पावडर नाही, काही नाही. स्मृतिदिनाला दाखवणार व्हतो तुला, म्हणाले.

त्यांनी पट्टी सोडली. आत पांढऱ्या मुळांचा गुंता होता, शेवाळ भेदून प्लास्टिकला टेकलेला. इतकी सुंदर गुटी मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाही. आणि तिच्यावरची सगळी पानं पिळलेली होती, कारण मी एकही पान कोरडं सोडलं नव्हतं.

ती आम्ही कापून तेलाच्या डब्यात लावली. मी म्हटलं, मुळं चांगली आहेत, धरेल. बाबा हो म्हणाले. रोज सावलीत ठेवायचे, थोडं थोडं पाणी द्यायचे. आधी पानं गळली. मग शेंडा काळा पडला आणि काळं खाली उतरत गेलं. वरून उतरणारं. दसऱ्याला मी गेले तेव्हा नखानं साल खरवडून बघितली, आत हिरवं नव्हतं.

मोठं झाड कदाचित सावरलं असतं. बुंध्याजवळ दोन सरळ कोंब आले होते. पण नव्या गुटीला पुन्हा पाऊस लागला असता, पुन्हा दोन महिने, आणि ते रस्त्यावाल्यांनी दिले नाहीत. दिवाळीच्या चौथ्या दिवशी मशीन आलं. बाबा विहारात जाऊन बसले होते. मी अंगणात उभी राहिले, कारण कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं. मुळासकट उपटायला पाच मिनिटं लागली. मला रडू आलं नाही, स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

स्मृतिदिनाला तिघी मावश्या आल्या. पांढऱ्या साड्या, मोठ्या पिशव्या. धर्माबादच्या मावशीची पिशवी रिकामी होती, तळाशी ओलं पोतं अंथरलेलं. रोप न्यायला म्हणून. बाबांनी आषाढातच तिघींना फोन करून सांगून ठेवलं होतं, आणि नंतर कुणाला काही कळवलं नव्हतं. भंतेजी आले, वंदना झाली, आईच्या फोटोला फुलं वाहिली. जेवणं झाली. मी चहा वाटत होते. मावशी अंगणात जाऊन आली. तिथं आता मुरमाचा ढीग होता.

दाजी, जांब? तिनं विचारलं. एखादी तरी गुटी?

मी हातातला ट्रे धरून उभी होते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मावशी, मी मारलं. पाच शब्दसुद्धा नाहीत. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा बोलले.

“माझ्याच हातनं बिघडल्या गं. सगळ्याच. चाकू धरवत न्हाई आता.”

आणि त्यांनी हात पुढं केले, दोन्ही, दाखवायला. ते थरथरत होते. सगळ्यांनी त्या हातांकडं पाहिलं आणि सगळ्यांना पटलं. मोठ्या मावशीनं च्‌ च्‌ केलं. धर्माबादच्या मावशीनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, “मग हिला बोलवायचं न्हाई का दाजी? लेक रोज हेच शिकवून राहिली. हिच्या हातनं एक तरी जगली असती.”

“हाव,” बाबा म्हणाले. “चुकलंच माझं.”

भिंतीला कोपर टेकून अर्धा दिवस बांधलेली ती गुटी न्हाणीमागं तेलाच्या डब्यात अजून उभी होती. मला वाटलं, ते एकदा तरी माझ्याकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही. हात मांडीखाली सरकवून ते बसून राहिले.

मी मावशीच्या हातात चहाचा कप दिला. साखर कमी घातलीय, मी म्हणाले.